पन्नास वर्षांची हमी

डांबरी शिंगलांचे तीन थर निघाले फर्नांदबाईंच्या घरावरून.
वरचा सत्त्याण्णवचा, त्याखालचा ऐंशीचा,
तळाशी एक हिरवट,
ज्याचं साल सांगणारं आता गावात कोणी उरलं नाही.
दर सतरा वर्षांनी माणसं वर चढली,
जुन्यावर नवं अंथरून खाली उतरली.

चार टन भरलं.
ट्रकवाला म्हणाला, गावाबाहेरच्या खड्ड्यात जाईल
आणि तिथेच राहील. डांबर काही कुजत नाही.
एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलला.

"पत्रा?" बाई म्हणाल्या होत्या मार्चमध्ये,
नदीवर अजून बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या.
"पत्रा गोठ्यावर घालतात, एर्वे. मी गाय आहे का?"
मी म्हटलं, चर्चवरही घालतात.
यावर त्यांनी कॉफी पुढे सरकवली.

"आणि गारा पडल्या की डोक्यावर ताशा."
मी म्हटलं, खाली फळ्या आहेत, फळ्यांवर नमदा.
शेजारच्या खोलीत कुणी तांदूळ निवडतंय,
इतपतच ऐकू येईल.

"टिकेल किती?"
"पन्नास वर्षं. लेखी देतो."
"मला एक्क्याऐंशी चालू आहे.
मग हे विकत घेतंय कोण?"
याचा कागद माझ्याकडे नव्हता.

मग रेझाँचं निघालं. निघणारच होतं.
चाळीस हिवाळे तो फावडं घेऊन वर चढला,
कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक धुरांड्याला,
आणि बाई खाली उभ्या, शिव्या देत.
प्रार्थना करायची तर हातमोजे काढावे लागतात, म्हणायच्या.
शेवटच्या वर्षी दोर बांधला नव्हता.
खाली बर्फ मऊ होता, सगळे म्हणाले.
पुरेसा नव्हता.

कामाचं सांगतो.
आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच अखंड पत्रा,
दोन पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकात एक मुरड घालायची.
खिळ्याचं डोकं दिसत नाही, भोक पडत नाही,
भोकच नाही तर पाण्याने शिरायचं कुठून?
भाच्याने त्या मुरडींनाच चिमटे लावून
वर सौरपट्ट्या बसवल्या, एकही छिद्र न पाडता.
रंग फिका राखाडी, ऊन आल्या वाटेने परत जातं.
जुलैत बाईंचा पंखा कपाटातच राहिला,
पन्हळीखालचं पिंप भरलं,
त्यावर रुबार्ब इतका माजला
की मला घरी न्यावा लागला, तीनदा.

पण हे नंतरचं.
पत्रे अंगणात उतरवले त्या दिवशी
बाई काठी टेकत आल्या.
"हा आधी काय होता?"
कोण जाणे. फ्रीज, पूल, बस.
भंगार वितळवून पुन्हा लाटलेलं पोलाद असतं बरंचसं.
त्यांनी वाकून त्यावर हात ठेवला,
तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.
"रेझाँची निळी पिकअप भंगारात दिली मी.
चारशे डॉलर आले. त्याला विचारलं असतं
तर नाही म्हणाला असता."
मी फीत काढून उगाच लांबी मोजली.
हो म्हणणं माझ्या धंद्यात बसत नाही.
नाही म्हणणं कुठल्याच धंद्यात बसलं नसतं.

जानेवारीत, रात्री अडीचला, फोन.
"एर्वे, छपरावरून कुणीतरी उतरलं."
मी म्हटलं, बर्फ असेल, बाई.
साचतो साचतो आणि आपल्याच वजनाने सुटतो.
पत्र्याला धरून ठेवता येत नाही,
म्हणूनच तर घातला.
दारावर मी अडवे बसवलेत, तिथे नाही पडायचा.

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.

"ते कळतं मला," त्या म्हणाल्या.
"नीट उतरला,
एवढंच सांगायचं होतं."